चाकाचा जीर्णोद्धार

'जीर्णोद्धार' हा शब्द मराठीत देवळांसाठी, मठांसाठी आणि बारवांसाठी जणू राखून ठेवलेला आहे; जे झिजले, खचले किंवा मोडकळीस आले ते त्याच्या मूळ कार्यासाठी पुन्हा उभे करणे असा त्याचा अर्थ असून, 'उद्धार' या उत्तरपदामुळे त्या कामाला पुण्याची छटा आपोआप येते. मोटारीची झिजलेली चाके घराच्या अंगणात घासून, थोडक्या पैशात पुन्हा रंगवणाऱ्या माणसाच्या कामाला मात्र हा शब्द कोणी लावत नाही. ते काम हौसेचे, फार तर काटकसरीचे मानले जाते. वस्तुतः दोन्ही कामांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. झिजलेल्या वस्तूवर नवा थर चढवल्यावर ती वस्तू तीच राहते काय, आणि तो थर तिचे रक्षण करतो की तिच्याविषयीचे सत्य झाकतो, हा तो प्रश्न होय. कोल्हापुरात तो अंबाबाईच्या मूर्तीच्या निमित्ताने न्यायालयापर्यंत गेला आणि दरवर्षी खंडेनवमीला तो, कोणी बोलून दाखवला नाही तरी, दारात उभ्या असलेल्या प्रत्येक वाहनासमोर उभा राहतो.

खंडेनवमी म्हणजे आश्विन शुद्ध नवमी. 'खंडा' म्हणजे रुंद पात्याची तलवार, आणि या दिवशी शस्त्रांची पूजा करण्याची लढवय्यांची रीत कालांतराने सर्व कारागिरांच्या हत्यारांपर्यंत आली. कोल्हापूरसारख्या ओतकामाच्या आणि यंत्रकामाच्या शहरात तिला विशेष अर्थ आहे. शिवाजी उद्यमनगरातील लेथ, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींतील भट्ट्या आणि साचे, शेतकऱ्याचा ट्रॅक्टर, रिक्षा, घरची मोटारसायकल आणि मोटार या सर्वांना त्या दिवशी हळदकुंकू आणि झेंडूची माळ मिळते, तर दुसऱ्या दिवशी दसरा चौकातील शाही सोहळ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार बाहेर पडते आणि तिच्या दर्शनासाठी लोक वाट पाहत उभे राहतात. या विधीतील एका गोष्टीकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. पूजेचा क्रम कुंकवाने सुरू होत नाही, तो सफाईने सुरू होतो. हत्यार आधी पुसावे लागते, गंज खरवडावा लागतो, तेल द्यावे लागते, वाहन धुवावे लागते आणि मगच त्याला कुंकू लावता येते. जून ते सप्टेंबर हा कोल्हापूरच्या पावसाचा काळ संपता संपता हा सण येतो, म्हणजे चार महिन्यांच्या ओलीने लोखंडावर जे काही साठले असेल ते काढण्याचा नेमका तोच मोसम असतो. ज्यांनी ही तिथी रूढ केली त्यांनी हवामानाचा विचार जाणूनबुजून केला होता असे म्हणण्याची गरज नाही. परंतु निगा हा पूजेचा पूर्वभाग आहे हे या विधीच्या रचनेतच आहे, आणि प्रस्तुत विवेचनाचा आधारही तोच आहे.

चाक झिजते कसे हे पाहिल्याशिवाय पुढचा विचार पोकळ राहील. मोटारीच्या चाकाच्या धातूच्या भागाला व्यवहारात 'रिम' म्हणतात आणि ती दोन प्रकारची असते. पहिली पोलादी पत्र्याची, दाबून घडवलेली, जिच्यावर बहुधा प्लास्टिकचा व्हील कप बसवलेला असतो. दुसरी 'अलॉय' म्हणून ओळखली जाणारी, अॅल्युमिनियममध्ये सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि अत्यल्प मॅग्नेशियम मिसळून ओतलेली. पोलादाचा रंग उडाला की हवेतील ओल आणि प्राणवायू मिळून तांबडा गंज धरतो आणि हा गंज सच्छिद्र असल्यामुळे खालच्या धातूला वाचवत नाही, उलट ओल धरून ठेवून त्याला आणखी खातो. अॅल्युमिनियमचे तसे नाही. हवा लागताच त्याच्या पृष्ठावर स्वतःच्याच ऑक्साइडचा अतिशय पातळ आणि घट्ट पापुद्रा तयार होतो व तोच त्याचे कवच बनतो. मात्र मिठाचा अंश त्या कवचाला छिद्रे पाडतो, आणि म्हणून आंबा घाटाने किंवा गगनबावड्याने कोकणात उतरून समुद्रकाठी फिरून आलेल्या गाडीच्या अलॉयवर पारदर्शक थराखाली पांढरे कोळ्याच्या जाळ्यासारखे डाग पसरत जातात. त्यात ब्रेकच्या पट्ट्यांची तापलेली काळी भुकटी भर घालते, फूटपाथच्या कडेला घासून ओरखडे पडतात आणि उसाच्या हंगामात ट्रॉल्यांच्या ओझ्याने उखडलेल्या रस्त्यांवरचे खड्डे कडा वाकवतात. यांतील प्रत्येक खूण गाडी कोठे गेली, किती ओझे वाहिले आणि किती वेळा थांबवली गेली याची नोंद असते. झीज हा केवळ दोष नसून सेवेचा पुरावाही असतो, आणि म्हणून ती पुसून टाकण्यापूर्वी वाचावी लागते.

सेवेनेच झिजण्याचे सर्वांत करुण उदाहरण कोल्हापुरातच आहे. अंबाबाईची पाषाणमूर्ती शतकानुशतके दूध, दही, मध, साखर यांच्या अभिषेकांनी आणि रोजच्या हाताळणीने झिजत गेली. ज्या उपचारांनी भक्ताने देवीची सेवा केली त्याच उपचारांनी तिच्या मुखावरील रेषा पुसट केल्या. मूर्तीला पुन्हा लेप द्यावा की देऊ नये, दिल्यास कोणी आणि कशाने द्यावा यावर दीर्घकाळ मतभेद चालले, आणि अखेर २०१५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांनी मूर्तीचे रासायनिक संवर्धन केले. त्यानंतरही मूर्तीच्या स्थितीविषयीची चिंता संपलेली नाही. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीच्या बाबतीतही हाच मार्ग घ्यावा लागला असून तेथे २०२० साली असे संवर्धन झाले. या प्रसंगी दोन्हीकडून जे म्हटले गेले त्याला शास्त्राचा आधार होता, हे विसरता कामा नये. आगम आणि पुराणांची एक परंपरा भग्न किंवा अतिजीर्ण मूर्ती पूजेत ठेवू नये असे सांगते. अग्निपुराणातील जीर्णोद्धाराच्या विधीनुसार लाकडी मूर्ती अग्नीला द्यावी, पाषाणाची जलात विसर्जित करावी आणि तिच्या जागी त्याच मापाची, त्याच द्रव्याची नवी मूर्ती स्थापन करावी. दुसरी परंपरा लेपाची आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने आपल्या 'बृहत्संहिते'त 'वज्रलेप' या नावाने एक कृती दिली आहे. तिच्यात कच्ची टेंभुर्णी, कवठ, सावरीची फुले यांसारखी द्रव्ये पाण्यात उकळून तो काढा एक-अष्टमांश उरेपर्यंत आटवायचा आणि त्यात गुग्गुळ, राळ, बिब्बा, जवस, बेल यांसारखी द्रव्ये घोटून गरम असतानाच देवालये, भिंती, विहिरी आणि मूर्ती यांवर लावायचे असे सांगितले आहे. त्याच ठिकाणी 'वज्रसंघात' या नावाने आठ भाग शिसे, दोन भाग कासे आणि एक भाग पितळ यांचा मिश्रधातूही येतो. आजच्या भाषेत सांगायचे तर हे भारतीय परंपरेतील संरक्षक थराचे शास्त्र आहे, आणि ते देवाच्या मूर्तीपासून विहिरीच्या भिंतीपर्यंत एकाच ओळीत लागू होते. ज्या ग्रंथकाराला मूर्ती आणि विहीर एकाच वाक्यात ठेवताना संकोच वाटला नाही, त्याला त्या ओळीत चाकही खपले असते असे म्हणणे धाडसाचे ठरू नये.

ज्या वर्षी कोल्हापुरात मूर्ती राखून तिचे संवर्धन झाले, त्याच २०१५ सालच्या पावसाळ्यात पुरीला जगन्नाथाचे नवकलेवर झाले, म्हणजे जुन्या लाकडी मूर्ती बाजूला ठेवून नव्या घडवण्यात आल्या आणि एक गूढ मानलेला 'ब्रह्मपदार्थ' जुन्यातून नव्यात हलवण्यात आला. एकीकडे शरीर टिकवून पृष्ठ सांभाळले गेले, दुसरीकडे शरीरच बदलले आणि त्यातील सार टिकवले असे मानले गेले. आणि दोन्ही ठिकाणी भक्ताच्या लेखी देवता तीच राहिली. मूर्तीच्या दुरुस्तीपूर्वी 'कलाकर्षण' करण्याची, म्हणजे मूर्तीतील देवत्व कलशात आवाहन करून ठेवण्याची आणि काम पुरे झाल्यावर परत मूर्तीत आणण्याची जी प्रथा आहे, तिच्यामागेही हेच गृहीत आहे की कारागिराचा हात जेव्हा मूर्तीला लागतो तेव्हा ती तात्पुरती केवळ द्रव्य असते. ही अत्यंत प्रामाणिक कल्पना आहे. छिन्नी, ब्रश आणि रसायन यांना द्रव्याशी द्रव्य म्हणूनच वागावे लागते. भक्ती हाताला स्थिर करते, परंतु चिकटण्याचा आणि सुटण्याचा नियम बदलत नाही.

वस्तू तीच राहते की नाही, या प्रश्नाची चर्चा भारतीय तत्त्वज्ञानात रथाच्या निमित्ताने झाली हेही येथे लक्षात घ्यावे लागते. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात ग्रीक वंशाचा राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. राजा रथात बसून आला असे म्हणताच नागसेन त्याला विचारतो की आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय, आणि राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. निष्कर्ष असा की 'रथ' हे भागांच्या विशिष्ट जुळणीला दिलेले व्यवहारातील नाव आहे, भागांपलीकडे वेगळी अशी रथ नावाची वस्तू नाही. न्याय आणि वैशेषिक दर्शनांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते भागांहून वेगळा असा 'अवयवी', म्हणजे पूर्ण वस्तू, खरोखर अस्तित्वात असतो. पण याची किंमत म्हणून त्यांना एक कठोर गोष्ट स्वीकारावी लागली. वस्त्रातून एक धागा काढला तरी जुने वस्त्र नष्ट होऊन नवे उत्पन्न होते, आणि ते तेच आहे असे जे वाटते ते दिव्याच्या ज्योतीप्रमाणे सादृश्यामुळे वाटते. या मताने पाहिल्यास पॉलिश पेपरच्या पहिल्याच घासणीत जुने चाक संपते.

रंगाविषयी याच दर्शनांत झालेला एक वाद तर थेट आजच्या कारखान्यात नेऊन ठेवता येण्याजोगा आहे. कच्चे मडके भट्टीत घातले की काळ्याचे तांबडे होते. हा रंगबदल कोठे घडतो, असा तो प्रश्न होता. वैशेषिकांच्या 'पीलुपाक' मतानुसार (पीलु म्हणजे परमाणू) उष्णतेने मडके परमाणूंपर्यंत विघटित होते, रंग परमाणूंचा बदलतो आणि त्यांतून पुन्हा नवे मडके जुळते. नैयायिकांच्या 'पिठरपाक' मतानुसार (पिठर म्हणजे भांडे) मडके अखंड राहते आणि त्याचाच रंग बदलतो, कारण भट्टीच्या झरोक्यातून पाहिले तर ते जागेवरच दिसते आणि त्यावर ठेवलेले दुसरे भांडे खाली पडत नाही. अलॉय चाकाच्या संदर्भात या वादाला अनपेक्षित सत्यता मिळते. हे चाक ओतल्यावर सुमारे ५४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाण्यात थंड करतात आणि नंतर सुमारे १५५ अंशांवर काही तास ठेवतात, तेव्हा धातूच्या आत मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण विशिष्ट रीतीने विखुरतात आणि त्यातूनच चाकाला बळ येते. चाकाचा आकार तसाच, रंग तसाच, मात्र आतली रचना वेगळी. पुढे कधी अशा चाकाला पावडर कोटिंगसाठी १८० ते २०० अंशांच्या भट्टीत वारंवार किंवा जास्त वेळ ठेवले, किंवा वाकलेली कड सरळ करण्यासाठी गॅसची ज्योत लावली, तर हे कण जाडसर होऊन बळ कमी होऊ शकते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्यातले काहीही दिसत नाही. नैयायिक म्हणतात तसे चाक अखंड दिसते. वैशेषिक म्हणतात तसे त्याच्या आत बरेच काही मोडून पुन्हा जुळलेले असते. घरच्या घरी चाक रंगवणाऱ्याने उष्णतेपासून दूर राहावे आणि हवेत वाळणारा रंगच वापरावा, या व्यावहारिक नियमाचे कारण असे तत्त्वचर्चेच्या अगदी शेजारी आहे.

या दोन टोकांमधील वाट जैन दर्शनाने दाखवली आहे, आणि कोल्हापूर परिसरात, जेथे लक्ष्मीसेन मठाची परंपरा आणि कुंभोजच्या डोंगरावरील बाहुबली तीर्थ आहे, तेथे ती परकी नाही. उमास्वातींच्या 'तत्त्वार्थसूत्रा'नुसार जे जे सत् आहे त्यात उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य, म्हणजे निर्माण होणे, नाहीसे होणे आणि टिकून राहणे, ही तिन्ही एकाच वेळी असतात. समंतभद्राचार्यांनी 'आप्तमीमांसे'त दिलेला दृष्टांत यासाठी सर्वश्रुत आहे. सोन्याचा घट मोडून मुकुट केला तर घट हवा असलेला शोक करतो, मुकुट हवा असलेला आनंदतो, आणि ज्याला सोनेच हवे होते तो मध्यस्थ राहतो. एकाच घटनेत तिघांच्याही भावनांना वस्तूतच कारण आहे. झिजलेल्या चाकापाशी हे तिघेही उभे असतात. गाडी विकत घेणाऱ्याला चमक हवी असते, जुन्या आठवणी जपणाऱ्याला ओरखडाही प्रिय असतो, आणि जो त्या गाडीतून मुलाबाळांना घेऊन घाट उतरणार असतो त्याला धातूचे बळ हवे असते. तिघांच्या अपेक्षा एकाच पातळीवरच्या मात्र नाहीत. येथे बौद्ध आचार्य धर्मकीर्तींची कसोटी उपयोगी पडते. जे आपले कार्य करण्यास समर्थ आहे तेच खरोखर सत्, असे ते मानतात आणि या सामर्थ्याला 'अर्थक्रिया' ही संज्ञा देतात. चाकाची अर्थक्रिया ओझे वाहत फिरणे ही आहे, मूर्तीची दर्शन देणे ही आहे. म्हणून मूर्तीच्या बाबतीत पृष्ठ हे जवळजवळ सर्वस्व असते आणि तेथे हात जपून, शक्य तितका कमी लावावा लागतो. चाकाच्या बाबतीत पृष्ठ हे धातूचा केवळ सेवक असते आणि तेथे निर्भयपणे खरवडले तरी चालते, परंतु आतली भेग लपवली तर चाकाचे चाकपणच संपते. दोघांनाही एकच नियम लावण्याचा आग्रह हीच या विषयातील मोठी चूक आहे.

प्रत्यक्ष काम याच कसोटीवर पाहता येते. गाडी सपाट जागी उभी करून, जॅकबरोबरच भक्कम आधार देऊन चाक काढावे आणि साबणाच्या पाण्याने आतबाहेर धुवावे. अॅल्युमिनियमवर तीव्र आम्ल वापरू नये, कारण ते मळाबरोबर धातूलाही खाते. त्यानंतरची पायरी या सगळ्या कामाचा आत्मा आहे आणि बहुतेक वेळा तीच वगळली जाते, ती म्हणजे पाहणे. नटांच्या छिद्रांभोवती, आऱ्यांच्या मुळाशी आणि आतल्या कडेवर भेग आहे काय, चाक फिरवल्यावर लचकते काय, हे दिवसाच्या उजेडात तपासावे; भेग किंवा मोठा वाक आढळला तर काम तेथेच थांबवावे, कारण लांबी, म्हणजे खड्डा भरण्याची पुट्टी, आकार भरून काढते, बळ भरून काढत नाही. पाषाणमूर्तीबाबत जुन्यांनी 'जीर्ण' आणि 'भग्न' असा जो भेद केला, तो येथे अक्षरशः लागू पडतो. जीर्णाला लेप चालतो, भग्नाला चालत नाही. चाक निर्दोष ठरले तर ओरखड्यांच्या कडा आधी जाड पेपरने आणि नंतर ३२०, ४००, ६०० अशा चढत्या क्रमांकाच्या वॉटर पेपरने ओल्या घासणीने उतरवाव्यात. क्रमांक जितका मोठा तितका कण बारीक, आणि मधली पायरी गाळली तर आधीच्या पेपरच्या रेघा रंगातून वर दिसतात. टायर न काढता काम करायचे असेल तर पत्त्यांच्या जुन्या जोडातील पाने टायर आणि रिम यांच्या फटीत ओळीने खोचली की रबर झाकले जाते. उघड्या अॅल्युमिनियमवर त्याच्या स्वतःच्या ऑक्साइडमुळे साधा रंग नीट धरत नाही, म्हणून त्यासाठी खास बनवलेला, पृष्ठाला किंचित खाऊन पकड घेणारा प्राइमर आधी द्यावा लागतो. मग रंगाचे आणि शेवटी पारदर्शक लॅकरचे पातळ थर, प्रत्येक थर सुकण्यास पुरेसा अवधी देऊन. एक जाड थर ओघळतो, तीन पातळ थर टिकतात. हे काम भर पावसाळ्यात करू नये, कारण दमट हवेत द्रावक उडताना पृष्ठ गार होऊन त्यावर ओल धरते आणि लॅकर दुधाळ होते. पितृपंधरवडा सरता सरता, पाऊस ओसरून ऊन पडू लागले की खंडेनवमीपूर्वीचे कोरडे दिवस त्याला योग्य असतात.

रंग कोठे द्यावा याहून कोठे देऊ नये हे अधिक महत्त्वाचे आहे. नट जेथे टेकतात त्या निमुळत्या बैठका आणि चाकाची मागील बाजू जेथे हबला, म्हणजे आसाच्या टोकावरील बैठकीला, सपाट भिडते ती जागा, या दोन्ही उघड्या धातूच्या राहिल्या पाहिजेत. तेथे रंगाचा जाड थर बसला तर तो पुढे दाबाने चुरतो, नटांचा ताण कमी होतो आणि नट सैल पडू शकतात. काही भाषाशास्त्रज्ञांनी 'सुख' आणि 'दुःख' या शब्दांची एक व्युत्पत्ती सुचवली आहे. 'ख' म्हणजे पोकळी, चाकाच्या तुंब्यातील आस बसण्याचे छिद्र, आणि ज्या चाकाचे छिद्र आसाला नीट बसते ते 'सुख', ज्याचे बसत नाही ते 'दुःख'. ही व्युत्पत्ती सर्वमान्य नाही, परंतु तिच्यातील निरीक्षण अचूक आहे. प्रवासाचे सुख चाकाच्या दर्शनी चमकीत नसते, ते कोणाला न दिसणाऱ्या त्या सांध्यात असते जेथे दोन धातू मध्ये काहीही न येऊ देता एकमेकांना भिडतात.

'कमी खर्चात' हे शब्द या विषयात वारंवार येतात आणि त्यांना कमीपणा मानण्याचे कारण नाही. पाली विनयपिटकात उदयन राजा आणि आनंद यांचा एक संवाद आहे. भिक्षूंना मिळालेल्या नव्या चीवरांचा हिशेब राजा विचारतो तेव्हा आनंद सांगतो की नवी वस्त्रे आल्यावर जुन्यांची पांघरुणे होतात, जुन्या पांघरुणांच्या गाद्यांच्या खोळी, खोळींचे पायपुसणे, पायपुसण्याची धूळ झाडण्याची फडकी, आणि शेवटी ती फडकीही कुटून मातीत मिसळून लिंपणासाठी वापरली जातात. येथे काटकसर हा दारिद्र्याचा नाइलाज नाही, दात्याविषयीची कृतज्ञता आहे. अॅल्युमिनियम खनिजातून काढताना प्रचंड वीज लागते. बारीकसारीक ओरखड्यांसाठी सुस्थितीतील चाक भंगारात देऊन नवे घेणे म्हणजे ती सारी शक्ती आणि त्यामागचे श्रम वाया घालवणे होय. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी 'कायक', म्हणजे प्रामाणिक अंगमेहनत, हीच उपासना मानली आणि त्यांच्या विचाराचा ठसा या सीमाभागातील लिंगायत घरांत आजही आहे. त्या दृष्टीने रविवारची दुपार चाक घासण्यात घालवणारा माणूस उपासनेपासून दूर गेलेला नसतो. परंतु काटकसरीलाही मर्यादा आहेत आणि त्या स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. भेगाळलेले चाक वाचवणे ही काटकसर नव्हे, कारण त्याची किंमत मागच्या आसनावर झोपलेले मूल किंवा समोरून येणारा सायकलस्वार मोजतो. गाडी विकताना वाकलेली कड पुट्टीने भरून रंगाने झाकणे हा तर सरळ असत्याचा व्यवहार आहे. मग तो कितीही सफाईने केलेला असो. आणि घासणीचा गाळ व उरलेले थिनर मोरीत ओतणे हेही त्याच जातीचे आहे, कारण शहरातील मोऱ्या जयंती नाल्याला आणि तो नाला पंचगंगेला मिळतो. एका वस्तूचा उद्धार दुसरीच्या जीर्णतेवर उभा करता येत नाही. गाळ वर्तमानपत्रावर वाळवून वेगळा ठेवावा, थिनर बाटलीत निवळू देऊन पुन्हा वापरावे. या गोष्टी क्षुल्लक वाटतात, परंतु ज्या नदीच्या पाण्याने सणाला वाहन धुतले जाते तिच्याशी हा प्रामाणिकपणा राखणे हा पूजेचाच भाग आहे.

बसवेश्वरांच्या शिकवणीत 'स्थावर' आणि 'जंगम' असा एक भेद येतो. स्थावर म्हणजे उभे केलेले, जंगम म्हणजे चालणारे, आणि त्यांच्या मते उभे केलेले कधी ना कधी पडते, चालते ते टिकते. मूळ अर्थाने हा भेद दगडी देवालय आणि चालतेबोलते भक्तजीवन यांच्यातला आहे, आणि त्याला चाकावर ओढून बसवणे योग्य होणार नाही. तरीही एवढे म्हणता येते की जंगमाचे रक्षण थराने होत नाही, निगेने होते, आणि निगा एकदा करून संपत नाही. अंबाबाईच्या मूर्तीची तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते ती याच कारणाने, आणि चाकाचे लॅकरही काही वर्षांनी पुन्हा सुटतेच. म्हणून वस्तू तीच राहिली काय या प्रश्नाचे उत्तर रंगाच्या दिवशी मिळत नाही. ज्या माणसाने तिची झीज वाचली, भग्न आणि जीर्ण यांतला भेद पाळला आणि न दिसणारी जागा उघडी ठेवली, त्याच्या हातून ती पुढच्या मोसमातही आपले काम करते तेव्हा ते मिळते.

येत्या खंडेनवमीला ज्यांच्या दारात रंगवलेली चाके असतील त्यांनी झेंडूची माळ घालण्यापूर्वी नट एकाआड एक अशा क्रमाने, वाहनाच्या पुस्तिकेत दिलेल्या ताणाइतके आवळावेत, आणि पहिल्या पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर ते पुन्हा एकदा तपासावेत.